एकच नाव, एकच पासवर्ड

“पोरगी हाय न्हवं घरात? मग नेट गेलं म्हणून कपाळाला कशाला हात लावताय?”

शेजारच्या मावशी अंगणात माझ्या काकीला म्हणाल्या, ते मला बंद दारातून ऐकू आलं. पोरगी म्हणजे मी. मी मागच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले होते. अंगात इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातलीच जुनी सलवार, कारण खालचं कुणाला दिसणार नव्हतं. साडेअकराला माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि पाचच मिनिटांपूर्वी रस्त्यावरून गेलेल्या उसाच्या ट्रॉलीने आमची इंटरनेटची वायर तोडून नेली होती.

आमच्याकडे हे नवीन नाही. बारामती सोडून पिंपळीच्या पुढे आलं की रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. कारखाना सुरू झाला की त्या रस्त्याने दिवसभर ट्रॅक्टर जातात. मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि ऊस इतका उंच रचलेला की ट्रॅक्टरवाल्यालाही मागचं काही दिसत नसावं. इंटरनेटची वायर खांबाखांबावरून लोंबत आलेली. हंगामात दोन-तीनदा तरी ती उसात अडकते आणि उसाबरोबर कारखान्याच्या वाटेला लागते. वायरवाल्याला फोन केला की तो म्हणतो, संध्याकाळपर्यंत येतो. खोटं बोलत नाही, येतो. पण संध्याकाळीच.

असा दिवस आला की सगळं घर माझ्या हॉटस्पॉटवर चालायचं. मी बोलत कमी असले तरी नेटच्या बाबतीत घरात माझ्याइतकं भरवशाचं कुणी नव्हतं. घरच्या वाय-फायचा पासवर्ड तर अर्ध्या वस्तीला पाठ होता. आमच्याकडे ताक कुणाला नाही म्हणत नाहीत. मावशी रोज सकाळी तांब्या घेऊन येतात, काकी तो भरून देते. बहुतेक अशाच एखाद्या सकाळी तिने ताकाबरोबर पासवर्डही देऊन टाकला असणार. मावशींचा फोन, त्यांच्या सुनेचा फोन, सगळे आमच्या अंगणात आले की आपोआप आमच्या वाय-फायला लागत. मला ते आवडायचं नाही, पण मी कधी बोलले नव्हते.

मी बऱ्याच गोष्टी बोलत नसे. शाळा बारामतीतली इंग्रजी माध्यमाची. पिवळ्या बसने सकाळी जायचं आणि चारला परत यायचं. शाळेत मी वस्तीवरची होते आणि वस्तीवर शाळेतली. शाळेत उच्चार चुकला की मुली हसत आणि घरी ‘पुस्तकातलं बोलती’ म्हणून काकी हसत असे. तिचं हसणं प्रेमाचंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला गप्प राहायची सवय लागली होती. परक्या माणसांशी इंग्रजीत बोलणं त्यातल्या त्यात सोपं वाटायचं. घरच्या माणसांना आपल्या मनातलं काही सांगायचं म्हटलं की मी उठून मागच्या खोलीत जायचे.

म्हणून या इंटरव्ह्यूचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

आदल्या वर्षी दोन इंटरव्ह्यू झाले होते, तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. दोन्ही ठिकाणी नकार आला. मग महिनाभर मावशी ताकाला आल्या की विचारत, “लागली का गं?” वडील ऊसतोडीच्या टोळीशी बोलायला गेले तरी कुणीतरी विचारी. तात्या, म्हणजे माझे मोठे चुलते, काही विचारत नसत. ते नुसते माझ्याकडे बघून मान हलवत, आणि ते मला सगळ्यात जड जायचं. या वेळची नोकरी पुण्यातल्या एका लहान प्रयोगशाळेत होती. विहिरींचं, बोअरचं, तळ्याचं पाणी तपासायचं आणि त्याचे अहवाल लिहायचे. माझं शिक्षण त्यातलंच. एकटीने बसून, नीट बघून करायचं काम. जाहिरात वाचली तेव्हा ती मला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली आहे असं वाटलं होतं. म्हणूनच ही नोकरी हातची गेली असती तर ते मी पुन्हा अंगणात उभं राहून कुणाला सांगू शकले नसते.

तर मी फोनवर हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉप लगेच जोडला गेला. पट्ट्या भरल्या. आणि खाली अक्षरं आली, इंटरनेट नाही.

मी फोनवर एक पान उघडून पाहिलं. लख्ख उघडलं. म्हणजे फोनला नेट होतं, लॅपटॉपला नव्हतं. मी हॉटस्पॉट बंद करून चालू केला. फ्लाइट मोड लावला, दहा आकडे मोजले, काढला. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. त्याने आधी कसलीतरी अपडेट घ्यायची परवानगी मागितली, मी त्याला हात जोडायचेच बाकी ठेवले. बॅटरी सेव्हर पाहिला, तो बंदच होता. फोन उचलून मागच्या खिडकीत ठेवला, तिथे रेंज चांगली येते. पुन्हा तेच. पट्ट्या पूर्ण, इंटरनेट नाही.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली. बाहेर काकी म्हणत होती, “टीव्ही नुसता गरागरा फिरतोय बगा.” मावशी म्हणाल्या, “पोरीला हाक मारा की.” काकी म्हणाली, “नगं, काम करत असंल ती.” मला एकदम वाईट वाटलं आणि त्याच वेळी आठवलं.

नाव.

गेल्या हंगामात वायर तुटली तेव्हा तात्यांनी एक शक्कल काढली होती. दर वेळी माझ्या हॉटस्पॉटचा पासवर्ड टीव्हीत घाला, टॅबमध्ये घाला, गोठ्यातल्या कॅमेऱ्यात घाला, यात अर्धा दिवस जायचा. तात्या म्हणाले, “तुझ्या फोनला घरच्या नेटचंच नाव दे, अन् पासवर्ड बी त्योच ठिव. मशिनीला काय कळतंय, नेट भिंतीवरनं येतंय का तुझ्या हातातनं?” आणि खरंच मशिनींना कळलं नाही. सगळं आपोआप लागलं. तात्यांनी ती गोष्ट दूध संकलन केंद्रावर चार जणांना सांगितली. मलाही अभिमान वाटला होता, कारण करून मी दिलं होतं.

पण त्या वेळी तात्यांनी आधी भिंतीवरच्या वाय-फायच्या डब्याचं बटण बंद केलं होतं. आज ते घरी नव्हते. वायर तुटलेली असली तरी डबा आपला लाल दिवा लावून सुरूच होता आणि घराचं नाव हवेत पसरवत होता. माझा लॅपटॉप फोनला नाही, त्या डब्याला जाऊन चिकटला होता. दोघांचं नाव एक, पासवर्ड एक. त्याचा तरी काय दोष?

मी उठले, ओढणी नीट केली, बाहेरच्या खोलीत गेले, कुणाकडे न बघता डब्याचं बटण बंद केलं आणि परत येऊन दार लावलं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की खुर्चीत बसून मोठा श्वास घेतला.

दोन मिनिटांनी अंगणातून आरोळी आली. “आलं! आलं! नेट आलं!”

आणि लॅपटॉप म्हणाला, कनेक्ट होऊ शकत नाही.

मी फोन पाहिला. जोडलेली उपकरणं, आठ. माझा फोन एका वेळी आठांनाच घेतो. इतका वेळ जे जे त्या मेलेल्या डब्याला धरून बसले होते, ते सगळे डबा बंद होताच माझ्याकडे धावत आले होते. मीच त्यांना सोडलं होतं. आठ जागा भरल्या आणि माझाच लॅपटॉप दाराबाहेर राहिला.

खरं तर उपाय सोपा होता. हॉटस्पॉटचं नाव बदलायचं, की सगळे एका झटक्यात गळून पडले असते. मी ते टाईप करायलाही घेतलं होतं. पण कॅमेरा.

आमची एक गाय त्या दिवशी व्यायला झाली होती. तात्यांचा जीव तिच्यात. पण त्यांनाच इंदापूरला एका सुपारीच्या कार्यक्रमाला जावं लागलं, कारण ते लग्न त्यांनी जुळवलं होतं आणि मधल्या माणसाने सुपारीला जायचं नाही म्हणजे दोन्ही घरं रुसली असती. सकाळी निघताना त्यांनी मला हाक मारली होती. “कॅमेरा चालू राहू दे. मी तिकडनं बघत राहतो. नेटचं काय झालं तर तुझ्याकडं.” मी मान हलवली होती. माझी मान म्हणजे शब्दच, असं घरात सगळे धरून चालतात.

मग मी यादी उघडली आणि एकेकाला अडवायचं ठरवलं. कॅमेऱ्याचं नाव ओळखू येत होतं. बाकी सात म्हणजे अँड्रॉइड आणि पुढे आकडे. कोण कुठलं, काही कळत नव्हतं. मी डोळे मिटून पहिल्यावर बोट ठेवलं. अडवा.

“अगं बाई! आता कुठं ती तोंड उघडत हुती!” काकीचा आवाज. तो टीव्ही होता. काकीच्या मालिकेतली सून चार दिवस काहीतरी सांगणार होती.

दुसरा. काही आवाज नाही. बहुधा फळीवर पडलेला माझा जुना टॅब.

तिसरा. “ह्यॅट! लेक थिजली की माझी, तोंड उघडं ठिवून!” मावशी व्हिडिओ कॉलवर होत्या. “हॅलो! हॅलो! आगं हल की जरा!”

चौथ्याला भिंतीपलीकडून मावशींची सून म्हणाली, “आत्याबाई, तुमचं पण गेलं का?”

पाचवा काकीचा फोन निघाला. “माझं बी गेलं. मेल्या ट्रॉलीवाल्याला ऊस रचायला कुणी शिकवलं!”

सहाव्याला पुन्हा सगळं गप्प. तो तात्यांचा जुना फोन असावा, देवघराजवळ भजनं लावून ठेवलेला, कारण क्षणभराने भजन थांबल्याचं माझ्या लक्षात आलं.

सातवा आईचा असणार, उरलाच तेवढा होता. आई स्वयंपाकघरात होती. तिकडून काहीच आवाज आला नाही. भाकरी थापण्याचा आवाज मात्र थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

हसू दाबत मी घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीस. लॅपटॉप जोडला गेला. इंटरनेट आहे. फोनच्या यादीत आता दोघेच, माझा लॅपटॉप आणि तात्यांची गाय.

साडेअकराला पडद्यावर तीन माणसं आली, दोन पुरुष आणि एक बाई. मी माझं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. इंग्रजीत माझा आवाज मला नेहमी जरा दुसऱ्याच कुणाचा वाटतो, आणि त्याचा मला उपयोग होतो. पहिली पाच-सात मिनिटं बरी गेली. मग मधल्या गृहस्थांचा चेहरा चौकोन-चौकोन झाला. बाई म्हणाल्या की तुमचा आवाज तुटतोय. मी फोन खिडकीत आणखी पुढे सरकवला. बाई पुन्हा म्हणाल्या, तुमचं अर्धंच वाक्य आलं.

फोन हाताला तापलेला लागला. कारण मला कळलं होतं. इंदापूरच्या मांडवात बसून तात्या एकसारखी गाय बघत होते, आणि कॅमेरा गाईचं चित्र माझ्या फोनमधून तिकडे पाठवत होता. माझा चेहरा आणि गाय एकाच अरुंद वाटेने निघाले होते, आणि गाय पुढे होती.

ते गृहस्थ कागदाकडे बघायला लागले होते. आदल्या वर्षीच्या दोन्ही इंटरव्ह्यूंत अशीच एक वेळ आली होती, समोरचा माणूस कागदाकडे बघायला लागतो ती. मी टेबलाखालून हात लांब केला, खिडकीतला फोन घेतला आणि आठव्यावर बोट ठेवलं.

अडवा.

चित्र लगेच स्वच्छ झालं. बाई म्हणाल्या, आता छान. मग त्यांनी विचारलं, एकाच विहिरीच्या पाण्याचे दोन नमुने आले आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, आधी यंत्र तपासेन, पण अहवाल लिहायच्या आधी विहिरीवर स्वतः जाईन आणि तिसरा नमुना माझ्या हाताने काढेन. आम्ही ज्या गावात राहतो तिथे एकाच विहिरीत दोन वाटण्या असतात, लोक बादली कुठल्या बाजूने टाकतात तेही बघायला हवं. ते तिघेही हसले. मधल्या गृहस्थांनी कागद बाजूला ठेवला.

तेवढ्यात फोन थरथरला. तात्या. मी कापला. पुन्हा तात्या. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला नाही, आणि मला पुढचं कळलं. अंगणात काकीचा फोन वाजला. तिने तो उचलून नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. मागे सुपारीच्या मांडवातला गलका आणि त्यावर तात्यांचा आवाज.

“कॅमेरा काळा पडलाय! गाय बसलीय का उभी हाय?”

“आता आमाला काय ठावं?” काकी म्हणाली. “आमी बी कॅमेऱ्यातच बगत हुतो न्हवं!”

“पोरगी फोन कापतीय! तिला म्हणावं कॅमेऱ्याचं बग, वासराचं पाय भाईर आलं असतील तिकडं!”

मग दारावर टकटक झाली. हळू. ती आई होती. मागून काकी आणि मावशी एकाच वेळी काहीतरी बोलत होत्या. मी समोरच्या तिघांना इंग्रजीत म्हटलं, माफ करा, एक मिनिट. ते मी किती सहज म्हटलं! उठून दार उघडलं आणि आता सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तर मराठीत एक शब्द येईना. आई समोर उभी होती, हाताला पीठ. मागे काकी, हातात फोन. त्यामागे मावशी, ताकाचा तांब्या अजून तसाच. मी नुसती बाजूला सरकले.

त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप पाहिला. पडद्यावरचे तीन चेहरे त्यांच्याकडे बघत होते.

“आगं बया!” मावशी म्हणाल्या आणि झटकन पदर डोक्यावर घेतला. काकीनेही घेतला. पुण्यातली दोन पुरुष माणसं थेट घरात बघत होती म्हटल्यावर त्या दुसरं काय करणार? काकीने तर फोन तसाच हातात धरून पडद्याला नमस्कारही केला. पडद्यावरच्या बाईंनीही हात जोडले.

आईने नमस्कार केला नाही. तिने माझा कुर्ता बघितला, जुनी सलवार बघितली, टेबलावरच्या प्रमाणपत्रांची फाईल बघितली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “व्हय का. बस तू.” आणि बाकीच्यांना म्हणाली, “चला गोठ्यात.”

“आन् कॅमेरा?” मावशी म्हणाल्या.

“पाय हायती न्हवं आपल्याला?” आई म्हणाली. “चाळीस पावलांवर गोठा.”

फोनमधून तात्या अजून ओरडत होते. आईने काकीच्या हातातला फोन घेतला, “बगाय चाललेय,” एवढंच म्हणाली आणि बंद केला.

मी पुन्हा खुर्चीत बसले. माझे कान तापले होते. बाईंनी विचारलं, घरची माणसं का? मी म्हटलं, हो, आणि आमची एक गाय आज व्यायची आहे. हे मी का सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. बाई म्हणाल्या, मग आपण लवकर आवरू या का? मी म्हटलं, नको, आई गेली आहे तिच्याजवळ. आणि ते बोलताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पहिल्यांदाच गाईजवळ कुणीतरी गेलं होतं. गोठ्यात कॅमेरा आल्यापासून घरात तिघी-तिघी बायका असून सगळ्या गाय फोनमध्येच बघत होत्या, मीसुद्धा.

पुढची वीस मिनिटं माझा आवाज माझाच वाटला. शेवटी ते नेहमीसारखं म्हणाले, आम्ही कळवू. पण मधले गृहस्थ लगेच गेले नाहीत. म्हणाले, गाईला शुभेच्छा सांगा.

लॅपटॉप मिटल्यावर मी यादीतल्या सगळ्यांना परत सोडलं, एकेक करून. अंगणात कुणी नव्हतं. टीव्ही रिकाम्या खोलीत सुरू झाला. मावशींचा ताकाचा तांब्या ओट्यावर ठेवलेला होता. मी चपला न घालता मागच्या बाजूने गोठ्यात गेले.

कालवड झाली होती. ओली, तांबडी, कान खाली पडलेले. गाय तिला चाटत होती. आई पालथ्या बादलीवर बसली होती, साडीचा खालचा काठ सगळा भिजलेला. काकी पोत्याने जमीन कोरडी करत होती. मावशी मला बघून म्हणाल्या, “एक पाय मुडपून आला हुता गं. तुझ्या आईनं सरळ केला म्हणून बरं. कॅमेऱ्यानं काय केला असता?” आणि मग माझ्या कुर्त्याकडे बघून, “लागली का?” असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, ते मी स्पष्ट पाहिलं. आईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मावशींनी तोंड मिटलं आणि म्हणाल्या, “उद्या खरवस.”

आईने मला काही विचारलं नाही. म्हणाली, “पाणी पी जा आधी. सकाळपास्नं दाराशी तांब्या ठिवलाय, उचलला बी न्हाईस.” म्हणजे तिला सकाळपासून काहीतरी कळलेलं होतं. इस्त्रीचा कुर्ता तिनेच दोरीवरून काढला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी तिथेच गव्हाणीला टेकून बसले आणि मला रडू आलं, पण त्या रडण्यात दुःख अजिबात नव्हतं. काकीला वाटलं कालवड बघून आलं. तिने मला ओलं पोतं हातात दिलं आणि म्हणाली, “बसलीस तर पुस.”

प्रयोगशाळेचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं, आणि ते होकाराचं होतं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं, आणि मला सांगायची आहे ती त्याच संध्याकाळची गोष्ट.

दिवस मावळायच्या आधी वायरवाला आला, खांबावर चढला, वायर जोडली. डब्याचं बटण मी पुन्हा चालू केलं, तसा त्याचा लाल दिवा हिरवा झाला. मी हॉटस्पॉट बंद केला आणि त्याचं नाव बदललं. पासवर्डही बदलला. त्यानंतर थोड्याच वेळात तात्यांची गाडी आली. ते पाय न धुता आधी गोठ्यात गेले. बराच वेळ तिकडे होते. कालवडीला काहीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता. मग येऊन हातपाय धुतले, अंगणात खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

वडील मळ्यातून आले होते, ते खांबाला टेकून बसले होते. काकी चहा गाळत होती. मावशी, दुपारी राहिलेलं ताक न्यायला म्हणून, परत आल्या होत्या. मी दारात उभी होते, अर्धी आत.

“सगळं चांगलं झालं,” तात्या म्हणाले. “पण मधी कॅमेरा बंद कुणी केला? माझा जीव तितं टांगणीला. समोर पाहुणं पेढं द्यायला लागलं अन् मी म्हणतोय, गाय दिसंना.”

मग काकी चहावरून नजर न काढता म्हणाली, “वायर तुटलीवती न्हवं. नेटच नव्हतं तर कॅमेरा कसा दिसंल?”

“लाईट बी आली-गेली मधी,” मावशी म्हणाल्या. लाईट दिवसभर होती.

“जुना झालाय त्यो कॅमेरा,” आई म्हणाली.

मी तिघींकडे बघितलं. त्यांनी आपसात काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. गोठ्यातून घरापर्यंतच्या चाळीस पावलांत त्यांना ठरवायची गरजच पडली नसेल. मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. कुणी काही विचारलं नसतं. पुढचा नकार आला असता, तर तोही मी एकटीने मागच्या खोलीत ठेवून दिला असता. तात्या मान हलवून चहाचा कप उचलत होते.

मी दारातून बाहेर आले, पायरी उतरले आणि खाटेसमोर जाऊन उभी राहिले. 

“मी बंद केला, तात्या. माझा नोकरीचा इंटरव्ह्यू होता. आणि तो चांगला झाला.”